टाळ वाजत राहतो तेव्हा



आपल्या या मासिकात संतचरित्र येतं, निरूपण येतं, वारीतले अनुभव येतात. माझा विषय ऐकून आपण म्हणाल, हा माणूस चुकीच्या पत्त्यावर आला. मी संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो आणि त्या कंपनीबद्दलच लिहिणार आहे. पण रविवारी संध्याकाळी नेवासा फाट्यावर जरा उभं राहून बघा. पुण्याकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीत पाठीला काळी बॅग लावलेली पाच-सहा तरी पोरं-पोरी चढतात. आपल्याच घरातली. हिंजवडीला, खराडीला जातात. आई डब्यात चपात्या न् लोणचं बांधून देते, वडील गाडी हलेपर्यंत थांबतात. पण पोरगा तिथे नेमकं काय करतो, त्याच्यावरचा साहेब कसा आहे, तो रात्री झोपतो की नाही, हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. म्हणून लिहायचं ठरवलं.

दुसरंही एक कारण आहे. माझ्या हातून एक वाईट काम झालं, आणि ते वाईट होतं हे मला जिथे कळलं ती जागा वारीतली आहे. ती गोष्ट इतर कुठे सांगितली तर समजणारच नाही. आपल्याला समजेल.

आमचं घर नेवासे तालुक्यातलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या आप्पांच्या तोंडी अजून नगरच आहे. पैस खांब आमच्यापासून सायकलच्या अंतरावर. शके १२१२ मध्ये माउलींनी त्या खांबाला टेकून गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. लहानपणी मला सांगणाऱ्यापेक्षा लिहून घेणाऱ्याचंच नवल जास्त वाटायचं. इतकं नीट ऐकायचं म्हणजे किती वेळ गप्प बसावं लागलं असेल! आप्पा दिंडीत विणेकरी. आमची दिंडी आळंदीहून माउलींच्या रथामागे चालते. गावच्या सप्ताहात रात्रीचा पहाराही त्यांचाच असायचा. वीणा खाली टेकवायची नाही, पुढचा माणूस समोर उभा राहिल्याशिवाय गळ्यातून काढायची नाही. पहाटे तीनला पुढचा पहारेकरी झोपून राहिला तर आप्पा तसेच उभे. सकाळी त्याला बोलायचेही नाहीत.

२००७ साली मी कंपनीत लागलो तेव्हा तिथे दीडशे-दोनशे माणसं होती. दोन इंजिनिअर मित्रांनी काढलेली कंपनी. पुण्यात अशी सुरुवात नवी नाही. आज बंगळूरची म्हणून ओळखली जाणारी इन्फोसिससुद्धा १९८१ साली सात जणांनी पुण्यात सुरू केली, आणि भांडवल म्हणजे सुधा मूर्ती यांनी साठवलेले दहा हजार रुपये. आमच्या मालकांचंही तसंच काही तरी असावं. दोघंही कँटीनमध्ये आमच्याच रांगेत ताट घेऊन उभे राहायचे. एकदा रात्री एका गिऱ्हाइकाचं सगळं काम बंद पडलं, आम्ही चौघं बसलो होतो. अकरा वाजता धाकटे मालक भेळेचे पुडे घेऊन आले आणि पहाटे काम सुरू होईपर्यंत तिथेच थांबले. त्यांना त्यातलं फार कळत होतं असं नाही. पण पहाऱ्याला होते.

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स नावाची बँक बुडाली आणि तिकडच्या मंदीची झळ महिन्याभरात हिंजवडीपर्यंत आली. आमची निम्मी कामं गेली. मालकांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. आपल्याकडे सहा महिन्यांचा पैसा आहे, आम्ही दोघं पगार घेणार नाही, तुमची पगारवाढ होणार नाही, पण कुणाला काढणार नाही, असं सरळ सांगितलं. मग विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का? हिशेब खात्यातला एक क्लार्क मागून उठला. म्हणाला, "साहेब, तुमच्या दोघांच्या गाड्यांचं पेट्रोल कंपनीच्या खात्यातून जातं, ते चालूच राहणार का?" सगळे खाली मान घालून बसले. थोरल्या मालकांचे कान लाल झालेले मला लांबूनही दिसले. क्षणभर थांबून ते म्हणाले, "उद्यापासून बंद." त्या क्लार्कला पुढे कुणी त्रास दिला नाही. काही वर्षांनी तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या निरोपाला थोरले मालकच बोलले आणि तो पेट्रोलचा किस्सा त्यांनीच सांगितला.

२०१६ मध्ये दोघांनी कंपनी विकली. वय झालं होतं, मुलं परदेशात. त्यात मी त्यांना दोष देत नाही. एका मोठ्या गुंतवणूकदार मंडळींनी ती घेतली आणि वर नवीन साहेब आणले.

माऊली, कंपनी एका दिवसात बिघडत नाही. विहिरीचं पाणी खारं होतं तसं होतं ते. पिणाऱ्याला आज-उद्यातला फरक कळत नाही. आधी साहेब लोकांची जेवायची खोली वेगळी झाली. मग सगळ्यांची सभा असायची तिच्यात प्रश्न आधी लिहून पाठवायचा नियम आला. पाठवलेल्यांतले चार निवडले जायचे, आणि त्यांतले दोन तरी साहेबांचं कौतुक करणारे असायचे. मग आमच्या संगणकांत एक प्रणाली बसवली. माणूस कळफलक किती वेळा दाबतो, माऊस किती हलवतो, हे ती मोजायची. कागद-पेन घेऊन अर्धा तास विचार करणारा माणूस तिच्या लेखी रिकामटेकडा. लोकांनी त्यावरही उपाय शोधला. माऊस आपोआप हलवत ठेवणारी छोटी यंत्रं बाजारात मिळतात. अनेकांनी आणली, आणि साहेबांच्या अहवालात आमची कंपनी एकदम मेहनती दिसू लागली.

पण खरी कीड निराळी होती, ती सांगतो. प्रत्येक कामाची स्थिती दर आठवड्याला रंगाने कळवायची पद्धत आमच्या धंद्यात सगळीकडे आहे. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे धोका. पद्धत चांगली आहे. पण लाल रंग दाखवणाऱ्याला वरून बोलणी बसायला लागली की काय होतं? माझ्या टेबलावर जे लाल असे ते मी साहेबाला पिवळं म्हणून सांगायचो. तो त्याच्या साहेबाला हिरवट-पिवळं सांगायचा. सगळ्यात वर पोचेपर्यंत शुद्ध हिरवं. आम्ही आपसांत त्याला कलिंगड म्हणायचो, बाहेरून हिरवं, आतून लाल. हसायचो. वरचा माणूस तेव्हा आंधळा झालेला असतो आणि त्याचे डोळे आम्हीच बांधलेले असतात. यात मी होतो, माऊली. अकरा माणसांचा प्रमुख होतो, आणि दर गुरुवारी लालाचं पिवळं मीच करत होतो.

त्या अकरांत एक मुलगा राहुरी तालुक्यातला होता. मुलगा म्हणतो, पण तिशी ओलांडलेला, लग्न झालेला. मुलाखतीत मीच त्याला निवडलं होतं. खरं सांगायचं तर नगरकडचा म्हणून थोडं झुकतं मापही दिलं होतं. कमी बोलायचा, पण बोलला की तेवढंच खरं बोलायचा.

एका विमा कंपनीचं काम आमच्याकडे होतं. ग्राहकांच्या बँक खात्यातून दरमहा हप्ता वळता करायचा, त्याची प्रणाली. तारीख ठरलेली होती, गिऱ्हाइकाला कळवलेली होती. आदल्या दिवशी मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "बैठकीत पिवळा सांग. आपण नंतर बघू." तो काही बोलला नाही. बैठकीत त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "लाल आहे सर. महिनाअखेरीला एकाच माणसाचा हप्ता दोनदा कापला जाऊ शकतो. आठ दिवस द्या." मोठे साहेब पडद्यावर होते. म्हणाले, "आपण जरा सकारात्मक राहू या." मी तिथेच बसलो होतो. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमचं काय मत?" मी म्हणालो, "होईल सर."

शुक्रवारी काम सुरू केलं. महिनाअखेर आली आणि किती तरी लोकांच्या खात्यांतून हप्ता दोनदा गेला. आपण विचार करा, महिन्याच्या शेवटी खात्यात हजार-दीड हजार उरलेले असतात, आणि तेही जातात. कुणाचा गॅस, कुणाची शाळेची फी. तो मुलगा दोन रात्री ऑफिसात बसला आणि एकेक व्यवहार तपासून पैसे परत पाठवायची यादी त्याने केली. नंतरच्या बैठकीत चूक कशी झाली याची चर्चा झाली. त्याने आधी सांगितलं होतं, हे वाक्य मी त्या खोलीत उच्चारलं नाही.

पुढचं आता सांगतोच. आमच्याकडे वर्षातून एकदा माणसांची प्रतवारी लावतात. बेल कर्व्ह म्हणतात तिला. इतके टक्के उत्तम, इतके मधले, आणि इतके सगळ्यात खालचे असलेच पाहिजेत. सगळी माणसं चांगली असली तरी कुणाला तरी खाली बसवायचंच. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकचे जॅक वेल्च यांनी ही रीत गाजवली. तिथे दरवर्षी तळाच्या दहा टक्क्यांना जावं लागे. त्यांचं बघून जगभर पसरली. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ती बंद केली, कारण माणसं एकमेकांना मदत करेनाशी झाली होती. आमच्याकडे ती उलट घट्ट झाली. २०२३ च्या मार्चमध्ये मला सांगण्यात आलं, अकरांतलं एक नाव तळाच्या चौकटीत लिहा, आणि या वर्षी तळाच्या चौकटीतल्यांना कंपनी ठेवणार नाही.

रविवारी संध्याकाळी घरी बसून मी ती यादी केली. खोटं लिहीत नाही, मला कारण शोधावं लागलं. एकाची ओळख वरपर्यंत होती. एक बाई वकिलाची बायको, ती सोडणार नव्हती. एक जण कामात खरोखरच कच्चा होता, पण तो मोठ्या साहेबांच्या वाढदिवसाचा केक आणायचा. आणि त्याचं, राहुरीच्या मुलाचं? साहेब मागेच म्हणाले होते, तो जरा नकारात्मक आहे. तो भांडणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्याचं नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'संघभावना कमी'.

मे महिन्यात त्याला एका छोट्या खोलीत बोलावलं, कागदावर सही घेतली, संगणक काढून घेतला. सगळं अर्ध्या तासात. माझ्या टेबलापाशी येऊन त्याने स्वतःची पाण्याची बाटली उचलली. म्हणाला, "येतो सर." आपल्याकडे जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. तेवढंच.

त्या वर्षी आषाढीला मला सुट्टी मिळाली होती. आमच्या कंपनीतले काही जण आळंदी ते पुणे आयटी दिंडीत चालतात. मनापासून चालतात, त्यांची थट्टा मी करणार नाही. कंपनी मात्र त्यांचे फोटो काढून आपली संस्कृती म्हणून मिरवायची, तेव्हा अंगावर काटा यायचा. मी पुण्यापासून आप्पांच्या दिंडीत मिळालो. दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे. डोक्यात काही चालू होतं असं नाही, पाय तेवढे चालत होते. नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान झालं आणि पालखी लोणंदच्या तळावर आली.

समाजआरती आपल्याला मी काय सांगावी? आपण किती वर्षं उभे राहिला असाल. पण मी त्या दिवशी ती पहिल्यांदा पाहिली असं म्हणा. पालखी मधोमध, भोवती दिंड्यांचं रिंगण, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. बोललेलं शेजारच्याला ऐकू येऊ नये इतका. मग चोपदारांनी चोप वर केला. आणि लाखांचा तो समाज गप्प झाला. एका माणसाने हात वर केल्यावर. पोलीस नाही, भोंगा नाही. त्या शांततेत माझ्या उजव्या अंगाला लांब कुठे तरी टाळ वाजतच राहिले. एकाच दिंडीचे.

माझ्या मनात पहिला विचार काय आला, सांगतो. वाटलं, काय माणसं आहेत, शिस्त नाही. म्हणजे त्या क्षणी मी मोठ्या साहेबांच्याच डोळ्यांनी बघत होतो. आप्पा वीणा घेऊन शेजारी उभे होते. माझ्या चेहऱ्यावर आलेलं त्यांना दिसलं असावं. हळूच म्हणाले, "गाऱ्हाणं हाये त्यांचं. ऐकल्याबिगर थांबायचं नसतं."

हे मला लहानपणापासून माहीत असलं पाहिजे होतं. माहीत होतंच. चोपदार त्या दिंडीकडे चालत गेले. सगळा समाज उभा. म्हातारी माणसं, दिवसभर चालून पायांना फोड आलेली, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. दिवस मावळलेला, स्वयंपाक व्हायचे. कुणी म्हणालं नाही की यांच्या एका गाऱ्हाण्यासाठी आम्ही का खोळंबू. तक्रार तशी साधीच होती, तंबूच्या जागेची. त्यांच्या जागेत दुसऱ्यांचे ट्रक लागले होते. चोपदारांनी ऐकून घेतलं, काय करायचं ते सांगितलं, आणि मग टाळ थांबले. त्यांचे त्यांनी थांबवले. मग हरवलं-सापडलं सांगितलं, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं, आणि आरती झाली.

हैबतबाबा आरफळकरांनी हा सोहळा बसवला, १८३२ च्या सुमारास. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. फौज कशी चालवतात हे त्यांना ठाऊक होतं. घोडे, जरीपटका, दिंड्यांचे क्रम, सगळी शिस्त फौजेसारखी आहे. फौज चालवलेल्या माणसाने आपल्या सोहळ्यात, सगळे गप्प झाल्यावर एकाला वाजवत राहायची मुभा ठेवली. ही मुभा त्यांनी स्वतः घातली की समाजातून आली, मला सांगता येणार नाही. पण दोनशे वर्षं होत आली, कुणी ती काढली नाही. दिंडीला तळाच्या चौकटीत कुणी टाकलं नाही. पुढच्या वर्षी ती दिंडी आपल्या जागेवरच चालते.

रात्री तंबूत मी आप्पांना सगळं सांगितलं. रंगांचं, विम्याचं, यादीचं. त्यांना अर्ध्या गोष्टी कळल्या नसतील. कंदिलाची वात खाली करत त्यांनी एकच विचारलं, "मग त्येला भेटला का?"

मी म्हटलं, नाही.

त्या वारीनंतर मी फार बदललो, असं सांगून आपल्याला फसवणार नाही. पुढच्या मार्चमध्ये मी तळाची चौकट रिकामी ठेवली. संगणक तो अर्ज घेईना. चौकट भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही असं लाल अक्षरांत दाखवत राहिला. मी कार्मिक विभागाला लेखी कळवलं की माझ्याकडे तळाचा माणूस नाही. दोन महिन्यांत माझी माणसं दोन वेगळ्या प्रमुखांकडे वाटली गेली आणि मी एकटा राहिलो. त्या दोघांनी त्यांतलं एकेक नाव लिहिलंच. म्हणजे माझ्या नकाराने कुणाचा काही फायदा झाला, असंही नाही. नोकरी आहे, पगार वाढत नाही. घराचे हप्ते चालू आहेत, म्हणून राजीनामाही दिलेला नाही.

आणि राहुरीला मी गेलो नाही. गावाकडे जाताना नगरहून राहुरी ती किती लांब? पण दर वेळी काही तरी निघायचं. आप्पा एकादशीला फोन करतात. इकडचं-तिकडचं बोलून झालं की शेवटी, "भेटला का?" मी म्हणायचो, जाणार आहे. दोन वर्षं असं चाललं. ते कधी चिडले नाहीत आणि विचारायचे कधी थांबलेही नाहीत.

२०२५ च्या जुलैअखेरीस टीसीएसची बातमी आली. १९६८ पासूनची कंपनी, फकीरचंद कोहलींनी उभी केलेली. आमच्या धंद्यात तिथली नोकरी म्हणजे सरकारी नोकरीसारखी समजली जायची, आईबाप मुलीच्या स्थळाला ते नाव आवर्जून सांगायचे. त्यांनी जाहीर केलं की वर्षभरात साधारण बारा हजार माणसं, म्हणजे दोन टक्के, कमी करणार, आणि त्यांतली बहुतेक मधल्या-वरच्या फळीतली. त्याआधी जूनमध्ये त्यांचा नवा नियम आला होता, वर्षात २२५ दिवस माणूस गिऱ्हाइकाच्या कामावर असलाच पाहिजे, रिकामा फार तर ३५ दिवस. कंपनीचं म्हणणं होतं की काळ बदलतोय, नवी कौशल्यं लागताहेत. असेल, काळ बदलतोय हे मलाही दिसतं. आप्पांनी ती बातमी पेपरात वाचली आणि एकादशी नसताना फोन केला. "बारा हजार," म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, "येवढी यादी कुणी केली असन रे? घरी बसून केली असन ना त्यांनी बी?"

श्रावणातल्या पुत्रदा एकादशीला, ५ ऑगस्टला, मी रजा टाकली आणि राहुरीला गेलो.

पत्ता शोधावा लागला नाही. गावात विचारलं तर म्हणाले, डेअरीवर असेल. तो मामाचं दूध संकलन केंद्र बघतो. पुण्याहून आल्यावर तात्पुरता बसला होता, तो तिथेच राहिला. मला बघून दचकला नाही. "या सर," म्हणाला, प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. संध्याकाळची वेळ, समोर किटल्या-कॅनची रांग. काट्यावर दूध मोजायचं, नमुना फॅटच्या यंत्राला लावायचा, आकडा संगणकात, पावती बाहेर. काटा, यंत्र आणि पावती एकमेकांना जोडायची प्रणाली त्याने स्वतः लिहिलेली होती. आधी आकडे हाताने लिहायचे, त्यात चुका व्हायच्या आणि भांडणं व्हायची, म्हणाला.

मी घाईघाईने सांगून टाकलं. यादी मी केली होती. कारणही मीच लिहिलं होतं. तो कॅनचं झाकण लावत होता. म्हणाला, "माहीत होतं सर. अकरा जण होतो, दुसरं कोण लिहिणार?" मग म्हणाला, "त्याचं नाही वाईट वाटलं. कुणाला तरी घालायचंच होतं. पण ते हप्ते दोनदा गेले त्यानंतरच्या बैठकीत तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्या दिवशी रात्री घरी गेलो तर बायकोला म्हटलं, आता माझं इथं काही खरं नाही."

म्हणजे मी दोन वर्षं ज्या अपराधाचं ओझं वाहत होतो, त्याच्या लेखी तो निराळाच होता, आणि आधीचा होता. मी माफी मागायला तोंड उघडलं.

तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी पुढे आली. हातात कालची पावती. "हे काय लिवलंय रे? माझ्या गाईला बत्तीस फॅट कवा लागली होती? रोज पस्तीस-छत्तीस येती." मागचा एक जण म्हणाला, "आजी, आजचं घाला, कालचं गेलं." ती हलेना. पावती काउंटरवर आपटून तेच पुन्हा म्हणाली.

तो माझ्याशी बोलायचा थांबला. "एक मिनिट सर," म्हणून उठला. पावती हातात घेतली, कालची नोंद काढून बघितली. मग तिची किटली जवळ ओढून दूध नीट ढवळलं, नवा नमुना घेतला, यंत्राची नळी आधी धुतली आणि मग नमुना लावला. मागे पंचवीस-तीस माणसं किटल्या घेऊन उभी होती. पाऊस भुरभुरायला लागला होता. यंत्राला आकडा दाखवायला थोडा वेळ लागतो. म्हातारी काउंटरवर दोन्ही हात ठेवून आकड्याकडे बघत होती, आणि तोही.